बाबा वेडे झालेले नाहीत, पण त्यांची दिवसाची झोप आजच दाखवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वडील ७४ वर्षांचे, काटोलकडची संत्र्याची बाग परवापरवापर्यंत स्वतः बघणारे. नागपुरात मानेवाड्याला लेकीकडे आले, बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून बॉल बसवला. सगळं छान झालं असं डॉक्टर म्हणाले. आणि तिसऱ्या रात्रीपासून, तुमच्याच शब्दांत, "बाबा काहीच्या काही बोलून राहिले. भिंतीवर मुंग्या चालून राहिल्या म्हणतात, बैल सुटले म्हणतात. सिस्टरला चोर म्हणाले, सलाईन उपटून टाकली. दिवसा मात्र शांत झोपून असतात, जेवायलाही हलवून उठवावं लागते." भाऊ म्हणतो भूल डोक्यात चढली. मावशी म्हणते बाहेरचं काही लागलं. शेजारच्या पलंगावाल्यांनी मनोरुग्णालयाचा पत्ता दिला. आणि तुमचा प्रश्न एकच: बाबा वेडे झाले का?

नाही. एवढं उत्तर मी नागपुरातल्याच माझ्या खुर्चीत बसून देऊ शकते. पुढचं बरंचसं मात्र त्यांना तपासल्याशिवाय, त्यांचा कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तसं कोणी फोनवर छातीठोकपणे सांगत असेल तर ऐकू नका. मी गेली बावीस वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करते. त्यातला मोठा भाग हाडांच्या आणि सर्जरीच्या वॉर्डांत 'फिजिशियनला दाखवून घ्या' असा निरोप आला की जाण्यात गेला. त्या निरोपांमागे पुष्कळदा हेच दुखणं, म्हणजे डिलिरियम (आजारपणात अचानक भान हरपणं), असतं. त्या अनुभवावरून लिहिते.

सगळ्यात आधी हे सांगते की तुम्हाला रात्रीची भीती वाटतेय, पण मला तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य टोचलं. दिवसा शांत झोपून असतात, जेवायला हलवून उठवावं लागतं. तुम्ही ते 'मात्र' लावून लिहिलंय, जणू तेवढी तरी बरी गोष्ट आहे. ती बरी नाही. ती आजच्या राउंडला डॉक्टरांना सांगायची पहिली गोष्ट आहे.

या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं 'सन्निपात झाला', 'चळ लागला', 'बरळतोय' असं म्हणत, ते बहुतेक वेळा हेच. मूळ लॅटिन शब्दात 'लिरा' म्हणजे नांगराचा तास, आणि तास सोडून भरकटणं म्हणजे डिलिरियम. तुमच्या वडिलांना बरं वाटल्यावर हे जरूर सांगा, बागायतदाराला पटेल. मेंदू स्वतः बिघडलेला नसतो. शरीरात कुठेतरी बिघाड झालेला असतो, आणि म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूकडे तो सोसायला शिल्लक कमी असते, म्हणून तक्रार तिथून येते. तरुणाला न्यूमोनिया झाला की खोकला येतो, ताप चढतो. ऐंशीच्या आजोबांना कधीकधी ना खोकला ना ताप, नुसते बरळायला लागतात. म्हणजे 'डिलिरियम आहे' हे निदान अर्धंच झालं. कशामुळे, हा उरलेला अर्धा भाग शोधेपर्यंत कोणी स्वस्थ बसू नये.

याची दोन रूपं असतात आणि तुमच्या वडिलांत दोन्ही दिसताहेत. एक गोंधळ घालणारं: आरडाओरडा, नळ्या उपटणं, मुंग्या, बैल. दुसरं गप्प करणारं: माणूस मलूल होतो, हाक मारली तर डोळे उघडतो आणि परत मिटतो, घास तोंडात तसाच धरून ठेवतो. गोंधळ घालणाऱ्याकडे सगळं वॉर्ड धावत येतं. गप्प राहणाऱ्याकडे कोणी बघत नाही, कारण तो कोणाला त्रास देत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, चूक करून शिकले. पंधराएक वर्षांपूर्वी एक आजी माझ्याखाली भरती होत्या. छातीत कफ होता, तो उतरत होता. रात्रीच्या नोंदीत तीन दिवस 'पेशंट शांत, झोप चांगली' असं लिहिलेलं. मी वाचलं, खाली सही केली, पुढच्या पलंगाकडे गेले. चौथ्या दिवशी त्यांची कॉलेजात जाणारी नात दारात अडवून म्हणाली, "डॉक्टर, आजी झोपली आहे असं नाही वाटून राहिलं. आजी इथं नाहीच आहे असं वाटते." रक्त तपासलं तर सोडियम ११२. असायला हवं १३५ ते १४५. बीपीसाठी पाणी काढायची गोळी वर्षानुवर्षं चालू, भरती झाल्यापासून पोटात फक्त पेज आणि पाणी, आणि वरून न्यूमोनिया. आजी वाचल्या, पण सोडियम हळूहळूच वाढवावं लागतं, घाई केली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तीन आठवडे गेले. त्या नोंदीखाली माझी सही होती, सिस्टरची एकटीची नव्हती.

आता निदान कसं करतात ते. याची रक्ताची चाचणी नाही, स्कॅनमध्ये ते दिसत नाही. निदान पलंगाशेजारी बसून होतं. शॅरन इनूये नावाच्या अमेरिकी डॉक्टर आहेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९०मध्ये एक साधी पद्धत मांडली, ती आजही जगभर वापरतात. बदल अचानक झाला का आणि तो कमीजास्त होतो का? लक्ष एका जागी ठरतं का? ही दोन्ही लक्षणं असायलाच हवीत, आणि सोबत बोलण्यात असंबद्धपणा किंवा जागेपणात फरक यांपैकी एक तरी. '४एटी' नावाची आणखी एक छोटी तपासणी आहे, दोन मिनिटांत होते. पेशंट किती जागा आहे, वय-जन्मतारीख-ठिकाण-चालू वर्ष सांगतो का, महिने उलटे म्हणतो का, आणि हा बदल नवा आहे का. इथे गुण बिघाडाला मिळतात; बारापैकी चार किंवा अधिक आले की डिलिरियम धरून चालायचं.

या महिन्यांची एक गंमत. इंग्रजी महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगितलं तर आपल्या शेतकरी आजोबांना धड असतानाही जमत नाही, मग गुण उगाच वाढतात. म्हणून मी विचारते, "आबाजी, फाल्गुनाच्या आधी कोणता महिना?" भान असलेला माणूस माघ, पौष, मार्गशीर्ष करत कार्तिकापर्यंत सहज जातो, वर मलाच विचारतो की डॉक्टरीणबाईंना येतात का. तेही जमत नसेल तर आठवड्याचे वार उलटे. डिलिरियमचा माणूस शनिवार, शुक्रवार म्हणतो, मग खिडकीकडे बघतो, मग म्हणतो, "मोटर बंद केली का?" अशिक्षितपणामुळे चुकणं वेगळं आणि लक्ष निसटणं वेगळं. दोन मिनिटं समोर बसलं की फरक डोळ्यांना दिसतो.

पण 'बदल नवा आहे का' याचं उत्तर मला पलंगावर मिळत नाही. ते तुमच्याकडे असतं. हाडांचे डॉक्टर तुमच्या वडिलांना पहिल्यांदा भेटले तेच मोडलेल्या खुब्यासकट. त्यांना काय माहीत हा माणूस गेल्या आठवड्यात संत्र्याच्या व्यापाऱ्याशी दरासाठी भांडत होता ते? त्यात डिलिरियम दिवसभर एकसारखा नसतो. सकाळच्या राउंडला पेशंट म्हणतो "बरं आहे डॉक्टर", डॉक्टर खूश होऊन जातात, आणि दिवेलागणीनंतर सुरू होतं. म्हणून वहीत वेळ घालून लिहून ठेवा: इतक्या वाजता काय बोलले, इतक्या वाजता किती वेळ झोपले, किती वेळा हाक मारल्यावर डोळे उघडले. मोबाइलवर एखादा मिनिटाचा व्हिडिओ काढलात तरी चालेल. पण तो डॉक्टरांना दाखवा, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. हा माणूस पुढच्या महिन्यात त्याच लोकांच्या पंगतीत बसणार आहे.

यावरूनच विस्मरणाच्या आजाराशी, म्हणजे डिमेन्शियाशी, याचा फरक कळतो. तो महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी येतो आणि त्यात माणूस सुरुवातीची बरीच वर्षं टक्क जागा असतो. दोन दिवसांत कोणाला डिमेन्शिया होत नाही. ज्याला आधीच थोडा आहे त्याला डिलिरियम चटकन होतो, हे मात्र खरं. म्हणून गेल्या वर्षभरात बाबा पैशांच्या हिशेबात चुकायला लागले होते का, एकच गोष्ट परतपरत विचारत होते का, हे प्रामाणिकपणे आठवून सांगा.

आपल्याकडे एक नवी पद्धत पडलीय, बडबड सुरू झाली की पहिल्यांदा एमआरआय. 'वयाप्रमाणे मेंदू आकसलेला आहे' असा रिपोर्ट येतो, जो ७४व्या वर्षी पुष्कळांचा येईल, आणि घरात रडारड. पडताना डोक्याला मार लागला असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, हात-पाय एका बाजूला लुळा वाटत असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा झटका आला असेल, तर सीटी स्कॅन लगेच हवा. तुमचे बाबा बाथरूममध्ये पडलेत, तेव्हा डोकं आपटलं होतं का हे नक्की आठवा. एरवी आधी साध्या गोष्टी: बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र, शुगर, सोडियम, किडनी, हिमोग्लोबिन, छातीचा एक्स-रे, ईसीजी. लघवी तपासतातच, पण तिथे एक सावधगिरी. म्हाताऱ्या माणसाच्या लघवीत थोडे पस सेल्स (पुवाच्या पेशी) बऱ्याचदा असतात. ते दिसले की 'सापडलं कारण' म्हणून शोध थांबवायचा मोह होतो. मलाही होतो.

कारणांकडे येते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मी कोणत्या क्रमाने शोधलं असतं ते सांगते.

सगळ्यात आधी मी पोटावर हात ठेवला असता. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका होते, त्यांचाही खुबा. रात्रभर पलंगावरून उतरायला बघत, पायजमा ओढत, शिव्या देत. दोन रात्री झोपेचं इंजेक्शन दिलं गेलं. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. बेंबीखाली हात ठेवला तर टरबुजासारखं टणक. नळी घातली आणि ११०० मिली लघवी निघाली. संध्याकाळी काकांनी चहा मागितला आणि साखर कमी आहे म्हणून परत पाठवला. त्यांना लघवीला जायचं होतं, एवढंच ते दोन रात्री सांगत होते. प्रोस्टेट वाढलेला, कमरेतून भूल, दुखणं कमी करायची औषधं, आणि पडून करायची सवय नाही. लघवी तुंबणं आणि चार-पाच दिवस पोट साफ न होणं ही दोन्ही कारणं फुकट तपासता येतात, आणि तीच विसरली जातात. उलटी बाजूही सांगून ठेवते. लघवीची नळी आधीच घातलेली असेल आणि आता गरज नसेल तर तीच त्रास देते, जंतुसंसर्ग आणते. काढता येईल का, हे रोज विचारा.

मग मी औषधांची पिशवी मागितली असती. तुम्ही लिहिलंय "बाबांना फक्त बीपीची आणि शुगरची गोळी आहे." ताई, असं सगळेच लिहितात. बाबांची पत्र्याची पेटी उघडा, उशीखाली बघा, आईला एकटीला विचारा. 'रात्री झोप येत नाही म्हणून अर्धी पांढरी गोळी' दहा वर्षांपासून चालू निघते. ती बहुतेक वेळा अल्प्राझोलाम किंवा तिच्याच घरातली एखादी असते. दवाखान्यात भरती झाल्यावर कोणाला सांगितलं नाही म्हणून ती अचानक बंद होते, आणि दोन-तीन दिवसांत माणूस बिथरतो. तुमच्या वडिलांची तिसरी रात्र या हिशेबात चपखल बसते. उलटही होतं: सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, हात थरथरतात म्हणून दिलेलं ट्रायहेक्सीफेनिडिल, नसांच्या दुखण्यासाठीचं ॲमिट्रिप्टिलिन, वेदना कमी करणारं ट्रॅमाडॉल. तरुणाला यांनी फार तर तोंड कोरडं पडेल किंवा पेंग येईल, म्हाताऱ्याचं भान जाऊ शकतं.

याच टप्प्यावर मी मुलाला किंवा मुलीला बाजूला नेऊन दारूबद्दल विचारते. खोलीत सगळ्यांसमोर उत्तर नेहमी 'नाही हो' असतं, नाहीतर 'लग्नकार्यात कधीमधी'. रोज संध्याकाळी थोडी घेणारा माणूस अचानक थांबला की साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात घाम, थरथर, धडधड आणि मुंग्या-किडे दिसणं सुरू होऊ शकतं. हा प्रकार जिवावर बेतू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा आहे. एरवी मी डिलिरियमला लोराझेपाम-डायझेपामच्या वर्गातली (त्या पांढऱ्या झोपेच्या गोळीच्याच घरातली) औषधं टाळते, इथे तीच वाचवतात, आणि ग्लुकोजची बाटली जोरात चालवण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यायचं असतं. लाज बाजूला ठेवून खरं सांगा. खर्रा खात असतील तर तेही सांगा. त्याने एकट्याने असं होत नाही, पण दिवसाला आठ-दहा पुड्यांची सवय एकदम तुटली तर बेचैनीत भर पडते.

शुगरच्या गोळीचं एक वेगळं. ऑपरेशननंतर जेवण अर्ध्यावर येतं आणि गोळी मात्र पूर्ण चालू राहते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर साखर पहाटे खाली जाते. बरळणाऱ्या किंवा न उठणाऱ्या पेशंटची शुगर त्याच क्षणी बोटातून बघायची, सकाळच्या रिपोर्टची वाट बघायची नाही.

आणि आपला नागपूरचा मे महिना. म्हातारी माणसं रात्री उठावं लागू नये म्हणून पाणीच कमी पितात, वरून पाणी काढायची गोळी, वरून ४५ अंशांचा उन्हाळा. पडण्याच्या आधीच तुमचे बाबा कोरडे पडले असण्याची, कदाचित त्यामुळेच चक्कर येऊन घसरले असण्याची शक्यता मी तरी सोडणार नाही. दवाखान्याबाहेरच्या वाचकांसाठी इथेच सांगते: नवतप्यात उन्हातून आलेला किंवा बंद खोलीत पडून राहिलेला माणूस असंबद्ध बोलू लागला आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजा. १०८ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून ओल्या कापडाने पुसा, पंखा लावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

राहिलं इन्फेक्शन, ऑक्सिजन, ऑपरेशनात गेलेलं रक्त. हे तिथले डॉक्टर बघतीलच. आणि वेदना. 'म्हाताऱ्यांना गरम औषधं नको' म्हणून दुखणं दाबून ठेवलं तर त्यानेही डिलिरियम होतो. वेळेवर, नियमित पॅरासिटामॉल हे रात्री बोंब झाल्यावर दिलेल्या कडक इंजेक्शनपेक्षा पुष्कळ बरं.

तुमच्या भावाची शंका रास्त आहे, पण 'भूल चढली' हे उत्तर फार सोपं आहे. २०२१मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १६०० खुबा-मोडलेल्या पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, काहींना पूर्ण भूल, काहींना कमरेतून. डिलिरियम दोन्हीकडे सारखाच, साधारण पाचातल्या एकाला. म्हणजे भूल बदलली असती तर हे टळलं असतं असं नाही. भूलतज्ज्ञांशी भांडून काही हाती लागणार नाही.

आता उपचार. कारण सापडलं की त्याचा उपचार हाच डिलिरियमचा उपचार. सोबत एक इंजेक्शन देऊन हे बंद होईल असं औषध नाही. २०१८मध्ये अतिदक्षता विभागातल्या पाचशेहून अधिक डिलिरियमच्या पेशंटांवर हॅलोपेरिडॉल (भास आणि बेचैनी शांत करायचं औषध) आणि तशाच एका औषधाची तुलना नुसत्या सलाईनशी केली. डिलिरियमचे दिवस कमी झाले नाहीत. मग मी ते वापरतच नाही का? वापरते. पेशंट स्वतःला इजा करेल, ऑक्सिजन काढून फेकेल, नव्या खुब्यावर उभा राहील, आणि बाकी सगळं करून झालंय, तेव्हा. मात्रा अगदी लहान, पाव ते अर्धा मिलिग्रॅम, आणि एक-दोन दिवसांत बंद. पार्किन्सनचा आजार असेल किंवा आधीपासून हात कापत असतील, चाल बदललेली असेल तर हे इंजेक्शन देण्याआधीच सांगा, त्यांना ते महागात पडतं. तुमच्या वडिलांना रात्री कोणतं इंजेक्शन दिलं त्याचं नाव विचारून घ्या. दिवसाची झोप त्याची आहे की आजाराची, हे त्या नावावरून आणि मात्रेवरून तुमच्या डॉक्टरांना पडताळता येईल.

खरं काम बिनऔषधाचं आहे, आणि त्यातलं निम्मं तुमच्या हातात आहे. चष्मा कुठे आहे? कानाचं यंत्र? कवळी? ऑपरेशनला नेताना सिस्टरने काढून दिलेलं हे सगळं अजून सुनेच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं असतं. चष्म्याशिवाय भिंतीवरचा डाग मुंगी दिसतो, यंत्राशिवाय सिस्टरचं बोलणं कुजबुज वाटतं आणि कुजबुज म्हणजे कट. आज सगळं परत घाला. दिवसा पडदे उघडा, पाठ टेकवून बसवा, हाडांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर खुर्चीत. रात्री दिवा मंद, टीव्ही बंद, मोबाइल बाहेर. समोर मोठ्या अक्षरांतलं कॅलेंडर आणि घड्याळ. इनूये यांच्याच गटाने १९९९मध्ये ७० वर्षांवरच्या ८५२ पेशंटांवर हे असलं साधंसुधं करून पाहिलं तेव्हा डिलिरियम १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आला. पण एकदा सुरू झाल्यावर त्याची तीव्रता मात्र याने फारशी कमी झाली नाही. म्हणून शेजारच्या पलंगावरच्या ज्या आजींचं ऑपरेशन उद्या आहे, त्यांच्या मुलालाही हे वाचून दाखवा.

भेटायला येणाऱ्यांचं बघा. काटोलहून जीप भरून माणसं येतात, आणि प्रत्येक जण पलंगावर वाकून विचारतो, "मामाजी, ओळखा पाहू मी कोण?" भल्याचंगल्या माणसाचाही यात गोंधळ उडेल. एका वेळी एक, ओळखीचा, आणि त्याने परीक्षा न घेता स्वतःच सांगायचं: "बाबा, मी आलीये. आपण नागपूरला दवाखान्यात आहोत. पायाचं ऑपरेशन झालं. आता रात्र आहे." तासातासाने तेच, न कंटाळता. बैल सुटले म्हणाले तर 'कुठले बैल, वेड लागलं का' असा वाद घालू नका, 'हो, मी बांधते' असं खोटंही रेटू नका. मी एवढंच म्हणते, "मला नाही दिसत बैल, पण घरी फोन करून विचारते." आणि खरंच फोन लावते. हात पलंगाला बांधू देऊ नका, जोवर दुसरा उपाय आहे तोवर. बांधलेला माणूस जास्त झगडतो आणि जास्त जखमी होतो. आपल्याकडे नातेवाईक रात्री पलंगाशी बसू शकतात. ही सोय कितीतरी देशांतल्या दवाखान्यांत नाही, तिचा फायदा घ्या. पण पाळ्या लावा, एकटीने चार रात्री काढू नका.

एक कडक सूचना. अर्धवट झोपेत असताना चमच्याने काही भरवू नका. तुम्ही लिहिलंय की वरणाचं पाणी थोडंथोडं सोडतो. ते ठसका लागून फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होईल. पूर्ण जागे, ताठ बसलेले, घास गिळला हे दिसलं, तरच पुढचा.

मनोरुग्णालयाची गरज नाही, तिथे नेण्याच्या नादात सध्याचा उपचार सुटेल. मानसोपचारतज्ज्ञांना मात्र याच दवाखान्यात बोलावलं तर उपयोग होतो, त्यांना डिलिरियम चांगला कळतो. बोलावणं म्हणजे 'वेडा' असा शिक्का नव्हे. आणि मावशींना नजर उतरवायची असेल तर मीठ-मोहरीने उतरवू द्या, मी कोणाला अडवलेलं नाही. धूप-उदबत्ती तेवढी नको, शेजारी ऑक्सिजन चालू असतो.

किती दिवस? कारण लवकर सापडलं तर पुष्कळांना काही दिवस ते दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो. काहींना महिने लागतात. काही जण पूर्वीइतके पूर्ण परत येत नाहीत, आणि ज्यांची स्मरणशक्ती आधीच उतरणीला लागली होती त्यांचं ते यानंतर उघडं पडतं. तुमचे बाबा कोणत्या गटात जातील हे आज कोणीच सांगू शकत नाही. दवाखान्यात असताना स्मरणशक्तीची परीक्षा घेऊन शिक्का मारून घेऊ नका. घरी गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी, सगळं स्थिर झाल्यावर करा. अजून एक, या रात्री बऱ्याच जणांना नंतर तुकड्यातुकड्यांत आठवतात. सिस्टरला चोर म्हटलं याची त्यांना लाज वाटते, आणि ते बोलत नाहीत. तुम्हीच विषय काढा, काय झालं होतं ते सांगा.

तर आज संध्याकाळच्या आत: दिवसाची झोप डॉक्टरांच्या कानावर घाला, त्याच वेळी शुगर, ऑक्सिजन आणि सोडियम बघितलंय का विचारा, लघवी किती झाली आणि पोट कधी साफ झालं ते विचारा, चष्मा चढवा, आणि भावाला घरी पाठवून पेटी उघडायला लावा. हाक मारून, हलवूनही डोळे उघडेनासे झाले किंवा श्वास जड वाटला तर राउंडची वाट न बघता तेव्हाच ड्युटी डॉक्टरांना उठवा. पेटीत कोणत्या गोळ्या निघाल्या आणि सोडियमचा आकडा किती आला तो इथेच लिहा, मी रात्री दहानंतर बघते.